सारवलेला बर्फ

धाकट्या काकांनी आम्हां मुलांना बर्फावरची हॉकी शिकवली ती सदाशिव पेठेत, भर मे महिन्यात, कॅरमबोर्डावर. साल १९७९ असावं. चुलतभावाची मुंज नुकतीच झाली होती आणि त्याच्या डोक्याचा गोटा अजून भरला नव्हता, एवढं पक्कं आठवतं. काकांनी बोरिक पावडरचा अख्खा डबा बोर्डावर उपडा केला आणि म्हणाले, "हा समजा बर्फ." दोन काड्यापेट्या उघडून दोन बाजूंना ठेवल्या, ते गोल. सोंगट्या म्हणजे खेळाडू, स्ट्रायकर म्हणजे पक. आम्ही "पक" हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होतो आणि त्यावरून बराच वेळ खिदळलो.

आजी माजघराच्या उंबऱ्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं, "अरे, पण बर्फावर पडत नाहीत का माणसं?"

"पडतात आणि उठतात. पायांत सुऱ्या असतात त्यांच्या."

पायांत सुऱ्या म्हटल्यावर आजीने पुढे काही विचारलं नाही. आपला मुलगा कुठल्या मुलखात जाऊन पडलाय, हा विचार तिच्या मनात आला असणार. त्या दिवशी पावडर सांडल्याबद्दल मार मात्र आम्हाला बसला.

काका बोस्टनला गेले १९६६ साली. खिशात आठ डॉलर. त्या काळी भारतातून बाहेर जाणाऱ्याला तेवढंच परकीय चलन मिळायचं आणि त्या पिढीतल्या प्रत्येक घरात आठ डॉलरची एक तरी गोष्ट असते. आमच्या घरातल्या गोष्टीत त्यांतले दोन डॉलर पहिल्याच दिवशी लोकरीच्या टोपीवर गेले. बोस्टनशी आमच्या घराण्याचा संबंध त्याच्याही आधीचा आहे असं आजोबा सांगत. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्ये बोस्टनच्या एमआयटीत शिकायला गेले, तिथे गेलेले ते पहिले भारतीय. त्यानंतर एकदोन वर्षांत 'केसरी'नेही त्या संस्थेबद्दल लिहिलं होतं. इथवर इतिहास. "ते भट आपल्या पणजीच्या माहेरचे" ही पुढची ओळ मात्र आजोबांची. तिला पुरावा काहीच नाही. माझ्या आत्याने एकदा वंशावळ काढून बघितली तेव्हा भट आलेच नाहीत. आजोबा म्हणाले, वंशावळ चुकली असेल.

काका मूळचे हॉकीवालेच. आमच्या पेठांतून क्रिकेट आणि खो-खो. हॉकी म्हणजे खडकी आणि कॅम्प, लष्करातल्या लोकांचं काम. तरी कॉलेजात काकांनी ती काठी धरली. मुरमाच्या मैदानावर ढोपरं फोडून घ्यायची आणि घरी आजीकडून हळद लावून घ्यायची. आजोबा वरवर कुरकुरायचे, पण ध्यानचंदचं नाव निघालं की खुर्चीत ताठ बसायचे. १९३६ ला बर्लिनमध्ये आपण जर्मनीला आठ विरुद्ध एक असं हरवलं, ते असं सांगायचे जसे काही स्वतः गोलखांबाला टेकून उभे होते. काका परदेशी गेल्यावर त्यांची स्टिक दाराच्या मागे राहिली. चोरांसाठी. चोर कधी आला नाही. तिने आम्ही चिंचा पाडल्या.

तर बॉस्टन युनिव्हर्सिटीत, म्हणजे सगळे ज्याला बीयू म्हणतात तिथे, रसायनशास्त्र शिकायला आलेल्या या माणसाने पहिल्याच हिवाळ्यात फळ्यावर वाचलं, आज संध्याकाळी हॉकी. त्यांना वाटलं, देव पावला. अंगात साधा कोट, डोक्याला ती टोपीसुद्धा नाही, असे ते ट्राम पकडून बॉस्टन अरेनाला पोचले. आत गेले तर छप्पर, छपराखाली बर्फ, आणि बर्फावर चिलखतं घातल्यासारखी सहा-सहा माणसं एकमेकांना लाकडी कठड्यावर आपटताहेत. "मला वाटलं मी चुकीच्या दाराने आलो," असं काका म्हणायचे. "अकराचे सहा झाले, चेंडूचा पेढा झाला आणि गवताचा बर्फ. फक्त नाव तेवढं तेच." पेढा हा त्यांचा पकसाठीचा शब्द. तीन इंच रुंद, एक इंच जाड, काळा कुळकुळीत रबरी पेढा, वजन साधारण एकशे सत्तर ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी तो गोठवून ठेवतात.

ते बॉस्टन अरेना म्हणजे १९१० सालचं. १९१८ मध्ये जळलं, पुन्हा उभं केलं. बॉस्टन ब्रुइन्स हा अमेरिकेतला पहिला एनएचएल संघ आपला पहिला सामना खेळला तो तिथेच, १ डिसेंबर १९२४ ला. काका आले तेव्हा बीयूची मुलं तिथेच खेळत. स्वतःचं घर नसलेला संघ म्हणून काकांना ती लगेच जवळची वाटली असणार. तेही तेव्हा दोन ग्रीक आणि एका गुजराती मुलाबरोबर एका खोलीत राहत होते. त्या संघात जॅक पार्कर नावाचा एक खेळाडू होता, पुढे १९६८ साली कर्णधार. साधारण काकांच्याच वयाचा. हा पार्कर पुढे चाळीस वर्षं बीयूचा प्रशिक्षक राहिला, १९७३ पासून २०१३ पर्यंत. काका त्याचा उल्लेख "आमचा पार्कर" असा करत, वर्गमित्राचा करावा तसा. माझ्या माहितीप्रमाणे ते त्याच्याशी आयुष्यात एकही शब्द बोलले नव्हते.

१९७१ मध्ये बीयूने स्वतःचं रिंक बांधलं, वॉल्टर ब्राउन अरेना. हे वॉल्टर ब्राउन म्हणजे सेल्टिक्स हा बास्केटबॉलचा संघ काढणारे गृहस्थ. त्याच वर्षी बीयूने पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, मिनेसोटाला चार-दोन असं हरवून. पुढच्या वर्षी पुन्हा. मग काय, त्या रिंकचा पायगुणच चांगला असं काकूचं मत झालं. काकू लग्न होऊन नुकतीच आली होती आणि तिला हॉकीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण पायगुण कळत होता.

वॉल्टर ब्राउन तळाशी, आणि डोक्यावर बास्केटबॉलची जिमखान्यासारखी इमारत. तिला मुलं "द रूफ" म्हणतात. म्हणजे खालच्यांना हॉकी आणि वरच्यांना बास्केटबॉल, आमच्या वाड्यात खाली छापखाना आणि वर बिऱ्हाडं होती तसं. जेमतेम चारेक हजार माणसांची जागा. काका तिथे एकच जागा धरून बसत. गुडघे पुढच्याच्या पाठीत, मागच्याचे गुडघे आपल्या पाठीत. काकू घरून काय काय बांधून द्यायची: दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमधून चहा. काका शाकाहारी. तिथल्या टपरीवर त्यांच्या खाण्याजोगा होता तो फक्त पाव. आजूबाजूच्या आयरिश आणि इटालियन लोकांना आधी त्या चटणीचा वास आला, मग एकदोघांनी मागितली, आणि पुढे पुढे दुसऱ्या विश्रांतीत आमच्या काकांच्या डब्याची वाटच बघायचे म्हणे. "म्हणे" मुद्दाम लिहिलं. काका गोष्टीत मीठ जरा सढळ हाताने घालायचे.

ज्या गोष्टीत मीठ घालायची गरजच नव्हती ती १९७८ ची. बोस्टनमध्ये बीनपॉट नावाची स्पर्धा असते. बीयू, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न, बोस्टन परिसरातली चारच कॉलेजं, फेब्रुवारीतले दोन सोमवार, आणि बक्षीस म्हणून बेक्ड बीन्स शिजवायच्या मडक्याच्या घाटाचा चषक. काका त्याला "उसळीचं मडकं" म्हणत. १९५२ पासून हे चालू आहे. या मडक्यासाठी बोस्टनची शहाणीसुरती माणसं जी भांडतात ती ऐकावीत. राष्ट्रीय विजेतेपद एका बाजूला आणि मडकं एका बाजूला.

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. बॉस्टन गार्डनमध्ये बीनपॉटची पहिली फेरी. दुपारपासून बर्फ पडत होता. काकू म्हणाली, जाऊ नका. काका म्हणाले, बॉस्टन कॉलेजशी आहे. एवढं एकच वाक्य बोलून ते निघाले, आणि हे वाक्य पुढे आमच्या घरात म्हणीसारखं रूढ झालं, कोणी हट्टाने कुठे निघालं की बाकीचे म्हणतात, "जाऊ दे, बॉस्टन कॉलेजशी आहे." बीयूने तो सामना बारा-पाच असा जिंकला. पण तोवर बाहेर शहर बंद पडलं होतं. सत्तावीस इंच बर्फ. १२८ नंबरच्या रस्त्यावर तीन हजारांवर मोटारी आहेत तिथे गाडल्या गेल्या. गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर येऊन लोकांना घरात बसायला सांगत होते आणि जवळजवळ आठवडाभर खाजगी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी. गार्डनमध्ये काहीशे लोक अडकले, आणि त्यांत आमचे काका.

काका म्हणायचे, दोन रात्री. काकू म्हणते, तीन. काका म्हणायचे, मी फोन केला होता. काकू म्हणते, आला नाही. घरात तेव्हा आठ महिन्यांचा मुलगा, अर्धी बाटली दूध, आणि खिडकीची खालची अर्धी काच बर्फाने पांढरी. शेजारच्या पोर्तुगीज आजीबाईंनी खिडकीतून दुधाची पिशवी दोरीने सोडली, असं काकू सांगते. काकांच्या बाजूची गोष्ट त्या मानाने मजेची. बाकांवर झोपायचं, टपरीवरचे पाव मोहरीच्या चटणीला लावून खायचे, सकाळी हॉकीपटूंच्या खोलीतल्या नळावर तोंड धुवायचं. डब्यात दोन गुळाच्या पोळ्या उरल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी एका आयरिश पोलिसाला दिली आणि त्याने विचारलं, हे कुठल्या बेकरीत मिळतं. काकूने ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली असेल. दर वेळी ती पोलिसाच्या पोळीपाशी येऊन म्हणायची, "आणि घरी दूध नव्हतं."

त्या वर्षी बीयूने मडकंही नेलं आणि राष्ट्रीय विजेतेपदही. दोन वर्षांनी लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या पोरसवदा संघाने सोव्हिएत रशियाला हरवलं, त्यात बीयूचे चौघे होते: कर्णधार माइक एरुझिओनी, गोलरक्षक जिम क्रेग, जॅक ओ'कॅलहन आणि डेव्ह सिल्क. तेव्हा पुण्यात टीव्ही होता, पण त्याच्यावर हे कुठलं दिसायला. काकांनी एरोग्रॅम पाठवला. त्या निळ्या कागदावर, घडीच्या कडेपर्यंत, पत्त्याच्या मागच्या बाजूलाही बारीक अक्षरात सामन्याचं वर्णन. प्रकृतीची चौकशी शेवटच्या दीड ओळीत. आजीने ते पत्र शेजारच्यांकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "तो नीट जेवतो का, ते कुठे लिहिलंय?"

हे सगळं मी ऐकलं ते असं: सुट्टीत, गच्चीत, उसाचा रस पिताना, आणि पुढे मी स्वतः २००३ मध्ये बोस्टनला राहायला आले तेव्हा काकांच्या स्वयंपाकघरात. त्यामुळे वॉल्टर ब्राउन मला पाठ होतं. सामन्याला मी तिथे एकदाच गेले होते, तेही आल्यावर पहिल्या हिवाळ्यात. पण वास, गर्दी, पुढच्याच्या पाठीतले गुडघे, हे सगळं ओळखीचं वाटलं. ती ओळख काकांकडून उसनी आणलेली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि मग नवं रिंक आलं. कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवर पूर्वी लष्कराची एक जुनी आर्मरी होती, ती पाडून तिथे बीयूने अगॅनिस अरेना बांधलं. सहा हजारांवर माणसं बसतील एवढं. ३ जानेवारी २००५ ला पहिला सामना मिनेसोटाशी ठेवला आणि बीयू दोन-एक असं जिंकलं. काकू म्हणाली, "बघा, ह्याचाही पायगुण." त्या साली मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलचा हंगामच बंद पडला होता. ब्रुइन्स नाहीत. गावात बर्फावरची हॉकी म्हणाल तर कॉलेजांची. तिकिटं मिळेनात.

आम्हाला मिळाली ती जानेवारीच्या शेवटाला, मोठ्या वादळानंतरच्या आठवड्यात. त्या वादळाने दोन दिवसांत बावीस इंच बर्फ टाकला होता आणि काका १९७८ शी इंचाइंचाने तुलना करत बसले होते, पाच इंच कमी पडल्याचं त्यांना समाधान वाटत होतं. रस्त्यांच्या कडेला पुरुषभर उंचीचे ढीग. लोकांनी फावड्याने आपापली पार्किंगची जागा मोकळी करून तिथे जुन्या खुर्च्या, इस्त्रीचं टेबल, एके ठिकाणी तर लहान मुलाचा पाळणा ठेवून ती अडवली होती. बोस्टनची ही जुनी रीत. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. आम्ही ट्रामने गेलो.

दाराबाहेरच हॅरी अगॅनिसचा पुतळा. काका तिथे थांबले. त्यांना तो माहीत होता, खोलीतल्या ग्रीक मित्रांकडून. लिन गावच्या ग्रीक आईबापांचा हा मुलगा, बीयूचा फुटबॉलपटू, पुढे रेड सॉक्समध्ये बेसबॉल खेळला. १९५४ च्या जूनमध्ये एका रविवारी दुपारी फेनवे पार्कवर होमरन मारला आणि तसाच बीयूत जाऊन पदवी घेतली. पुढच्या वर्षी न्यूमोनियाचं दुखणं झालं, आणि जूनमध्ये फुप्फुसात रक्ताची गाठ जाऊन वारला. वय सव्वीस. "ह्याने हॉकी कधी खेळली?" मी विचारलं. "खेळली नाही," काका म्हणाले. "आईजवळ राहायला मिळावं म्हणून बाहेरगावच्या संघाचे पैसे सोडले त्याने, असं सांगतात. एवढ्यावर नाव दिलं तर काय बिघडलं?" काकूने पुतळ्याच्या बुटावरचा बर्फ हातमोज्याने झटकला.

आत शिरलो आणि माझ्या तोंडून निघालं ते "अय्या, मॉल." रुंद व्हरांडे, उजेड, पॉपकॉर्नचा वास, स्वच्छ काचा. तिथून पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, आणि तळाशी तो दोनशे फूट लांबीचा पांढराशुभ्र आयत. मधोमध छताला टांगलेला चौमुखी पडदा. वर कोपऱ्यात विजेतेपदांचे झेंडे: १९७१, १९७२, १९७८, १९९५. प्रत्येकाला वेगळी, पाठ टेकता येईल अशी खुर्ची. वरच्या बाजूला काचेच्या खोल्यांतून पैसेवाले लोक उभे होते. माझं मन मुळीच रमेना. एवढ्या मोठ्या जागेत आवाज विरून जाईल, ओळखीचे चेहरे हरवतील, मडक्याचा वाडगा झाला, असं काहीबाही मी बोलत सुटले. काकांना बरं वाटावं म्हणूनही असेल. जुन्या जागेत जीव ज्यांचा, त्यांच्या वतीने आपण आधीच हळहळून घ्यावं, असं काहीसं.

काका खुर्चीत मागे टेकून बसले होते. गुडघे सरळ पसरले. ते गुडघे तेव्हा बासष्ट वर्षांचे, आणि त्यांतला उजवा मुरमाच्या मैदानावर फुटलेला.

"अगं, पाठ टेकता येते," ते म्हणाले. मग काकूकडे वळून, "आणि तुझ्या बायकांच्या संडासाला रांग आहे का?"

"नाही," काकू म्हणाली. "सहा-सात आहेत. आणि गरम पाणी."

"मग झालं की." माझ्याकडे न बघताच काका बोलले, "जुन्याचं कौतुक तू कर. तुला तिथे तेहेतीस वर्षं बसावं लागलं नाही."

मी गप्प झाले. खरं म्हणजे जरा रागच आला. ज्यांच्यासाठी मी रडायला बसले होते, त्यांनीच रुमाल परत केला.

सामना कोणाशी होता ते आता आठवत नाही. आठवतात त्या कडेच्या गोष्टी. गोलमागे विद्यार्थ्यांचा लाल थवा, त्यांच्या भागाला डॉग पाउंड म्हणतात, कारण संघाचं बोधचिन्ह टेरिअर कुत्रं. वाजंत्री. आणि आवाज विरत नव्हता, मी चुकले होते. तो त्या खोलगट जागेत खाली गोळा होऊन पुन्हा वर येत होता. बीयूने गोल केला की सगळे विद्यार्थी समोरच्या गोलरक्षकाकडे बोटं रोखून एका तालात एकच शब्द ओरडत. मी काकांना विचारलं, काय म्हणताहेत?

"चाळणी म्हणताहेत."

"काय?"

"चाळणी! त्याच्यातून सगळं गळतं म्हणून चाळणी." एवढं सांगून काकाही ओरडायला लागले, आणि इंग्रजीत नव्हे. बासष्ट वर्षांचा माणूस लोकरीची टोपी घालून अगॅनिस अरेनात "चाळणी! चाळणी!" असं मराठीत ओरडत होता आणि पुढच्या रांगेतली दोन पोरं मागे वळून कौतुकाने बघत होती.

ह्याच मुहूर्तावर काकूने पर्समधून स्टीलची डबी काढली. संक्रांत होऊन पंधराएक दिवस झाले होते, पण रथसप्तमीपर्यंत चालतं हा तिचा नियम. तिने त्या दोन पोरांना तिळगुळाची एकेक वडी दिली, आणि समोरच्या गोलरक्षकाचा उद्धार चालू असताना, कानठळ्या बसवणाऱ्या त्या गोंगाटात, तिच्या खास इंग्रजीत समजावून सांगितलं की हे खायचं आणि वर्षभर गोड बोलायचं. पोरांनी वड्या तोंडात टाकल्या, अंगठे वर केले आणि पुन्हा वळून ओरडू लागली. काकू मला म्हणाली, "पुढच्या वर्षी जरा मोठ्या करते."

विश्रांतीत झांबोनी यंत्र आलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी नावाच्या, मूळ इटालियन घरातल्या माणसाने १९४९ मध्ये हे बनवलं. खालून पातं बर्फाचा चरबरीत थर तासतं, तो चुरा पोटात जातो, मागून गरम पाण्याचा पातळ हात फिरतो आणि ते पाणी थोड्याच वेळात गोठतं. गरम पाणी अशासाठी की ते खालच्या थरात नीट मुरतं. पण मला हे पुढे कळलं. त्या दिवशी काकू पुढे वाकून टक लावून बघत होती. यंत्र कडेने गोल फिरून मग मध्ये येई, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर जरासा चढवत, आणि मागे ओली, चमकती, गडद वाट उरे.

"आमची चासची मावशी असं सारवायची," काकू म्हणाली. "एक हात दुसऱ्या हातावर चढला पाहिजे. नाहीतर सांधा दिसतो."

मग ती मावशी, तिचा उजवा हात, अंगणातला प्राजक्त, शेणात किती माती मिसळायची, असं सगळं निघालं आणि दुसरा गोल कधी झाला ते आम्हां दोघींना कळलंच नाही. काका रागावले.

सुटल्यावर काका म्हणाले, जरा चालू. बाजूच्याच निकर्सन फील्डच्या कडेने गेलो. तिथे १९५२ पर्यंत बॉस्टन ब्रेव्ह्ज बेसबॉल खेळत, तिकिटांची जुनी कचेरी अजून उभी आहे. आणि पाच मिनिटांवर वॉल्टर ब्राउन. मला वाटलं, आता तरी. दार उघडंच होतं. आत अर्धेच दिवे, आणि बर्फावर दहा-बारा वर्षांच्या मुली सराव करत होत्या. बघणारं कोणी नाही, कठड्याशी चार आया आणि एक बाप. काका आपल्या जागेशी गेले. बसले नाहीत. बाकावर हात ठेवून बघितला, आणि म्हणाले, "गार आहे गं." मग कठड्याशी जाऊन, सर्वांत धाकट्या पोरीने गोल केल्यावर टाळी वाजवली. त्याच वर्षी हिवाळ्यापासून बीयूचा मुलींचा संघ अधिकृतपणे सुरू झाला आणि वॉल्टर ब्राउन त्यांचं झालं. काकूने तेव्हापासून तिकडचेही सामने धरले. तिला ते जास्त आवडत. तिथे घरची चटणी न्यायला संकोच वाटत नाही, असं म्हणायची.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. २०२५ च्या डिसेंबरात त्यांचं ते पहिलं बॉस्टन अरेनाही बंद झालं. मधल्या काळात ते नॉर्थईस्टर्नने घेतलं होतं आणि त्याचं नाव मॅथ्यूज अरेना झालं होतं. शेवटचा सामना नॉर्थईस्टर्न आणि बीयूचाच. एकशे पंधरा वर्षांची ती जागा पाडायचं ठरलं. मी काकूला फोन करून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे टोपी न घालता गेले होते ते."

काकूने घर आवरलं तेव्हा मला एक वस्तू दिली. वॉल्टर ब्राउनमध्ये कधीतरी सत्तरच्या दशकात कठड्यावरून उडून आलेला पक. काका सांगत, मी झेलला. काकू सांगते, त्यांच्या खांद्याला लागून खाली पडला, आठ दिवस शेकत होते. काकांना तो काचेच्या कपाटात ठेवायचा होता, पण अमेरिकेत पाटा-वरवंटा नसलेल्या घरात दाबायला वजन म्हणून काकूने तो केव्हाच स्वयंपाकघरात नेला होता. फडक्यात बांधलेल्या दह्यावर ताटली, ताटलीवर पक. चक्का त्याच्याइतका घट्ट दुसऱ्या कशानेच होत नाही, असं ती म्हणते. खरं तर एका पकाने भागत नाही, वर तिखटामिठाची बरणी ठेवावीच लागते. मी पाडव्याला तसंच करते.